गळकी बोळकी पाहिजेत

सातवीत त्या वर्षी सात मुली होत्या आणि दुपारच्या गणिताच्या तासाला सातही जणी नदीवर असत. शाळेला पाणी नव्हतं. पिण्याचं, हात धुण्याचं, वर्ग सारवण्याचं, सगळं पाणी नदीवरून यायचं. रिकामी कळशी घेऊन जायला वीस मिनिटं आणि भरलेली घेऊन यायला तीस. मुलग्यांची पाळी लावून पाहिली होती. ते दीड तासाने अर्धी कळशी पाणी आणि एक खेकडा घेऊन परतले. ती पाळीची यादी मी त्याच दिवशी फाडली.

पळसदरीच्या अलीकडच्या त्या गावात मी मुख्याध्यापिका होते. मुख्याध्यापिका म्हणजे दोन शिक्षकांतली पहिली. सातवीला गणितात नापास झालेल्या मुलीला दुसरी संधी नसे. निकाल लागला की बाप म्हणायचा, "शिकली तेवढी बास झाली," आणि वैशाखात दारात मांडव. आदल्या वर्षी पाचांपैकी तिघींचं असंच झालं होतं. म्हणून शाळेला बोअर मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, आणि पत्र खाली ठेवण्याआधी वही उघडली.

पत्रात तीन गोष्टी होत्या. एक, भोक एकच. दोन, पौष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येईल. तीन, जागा शाळेने चुन्याने दाखवून ठेवावी, नाहीतर गाडीवाले ठरवतील. गाडीवाले कसं ठरवतात ते मला माहीत होतं. भिवपुरीकडच्या एका वाडीत त्यांनी रस्त्यावरून चाक न उतरवता भोक मारलं होतं. धुरळा निघाला. त्या पाइपाला आता बकरी बांधतात.

शाळेची जागा लांबट होती. रस्त्याकडे एक तुकडा, मध्ये माळ, मागे ओहोळाकडे उतरणारा कोपरा. माळावर मुलींचं खो-खोचं मैदान होतं. गावातल्या प्रत्येकाला पाणी कुठे आहे ते ठाऊक होतं आणि प्रत्येकाची जागा वेगळी होती. मी सगळ्यांची मतं लिहून घेतली. अकरा मतं, नऊ जागा.

अमावास्येला पाच दिवस उरले असताना तो तरुण संशोधक आला. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेत तो खडकांचा अभ्यास करत होता. जाड चश्मा, दोन लाकडी पेट्या, एक मोटारीची बॅटरी. शाळेच्या पडवीत चार दिवस राहायला मिळेल का, असं त्याने विचारलं. मी त्याला मनातल्या मनात 'सर' करून टाकलं, कारण गावात चश्मेवाल्याला दुसरं काही म्हणत नाहीत.

"कशाचा अभ्यास?" मी विचारलं.

"खालच्या खडकात बारीक भोकं असतात. जाळीदार खडक असतो ना, तसा. त्या भोकांत पाणी असतं. जमिनीवर घण मारला की हादरा खाली जातो, भोकांतलं पाणी किंचित सरकतं, आणि पाणी खडकाला घासून सरकलं की इवलीशी वीज तयार होते. ती मी मोजतो."

"इवलीशी म्हणजे?"

"टॉर्चच्या सेलचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाहूनही कमी."

"आणि पाणी नसेल तर?"

"तर जवळजवळ काही नाही."

मी वही पुढे ओढली. "पडवी मिळेल. जेवण माझ्याकडे. घण मारायला माणूस मी देते. त्याच्या बदल्यात शाळेच्या जागेत पाणी कुठे ते चुन्याने दाखवायचं."

तो घाबरला. "बाई, मी पाणी शोधत नाही. मी संकेत शोधतो. हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"माझंही काही सिद्ध झालेलं नाही. सात मुली आहेत, तीन महिन्यांवर परीक्षा आहे. संकेतच शोधा, पण शाळेच्या आवारात."

पेट्या उघडल्यावर पहिली अडचण निघाली. जमिनीतली वीज पकडायला त्याने झिलई न केलेल्या चिनी मातीची आठ भांडी आणली होती. त्यांत मोरचुदाचं निळं पाणी भरायचं, तांब्याची तार बुडवायची आणि भांडं जमिनीत पुरायचं. भांड्याच्या अंगातून पाणी पाझरून मातीला ओल लागली की तार आणि जमीन यांचा संबंध जुळतो. कर्जत स्टेशनात हमालाने पेटी आपटली होती आणि आठापैकी एक भांडं वाचलं होतं. मोजायला निदान दोन लागतात.

"लोखंडी सळ्या?"

"त्या ओल्या मातीत स्वतःच वीज करतात. चालवून बघू, पण भरवसा नाही."

सळ्या चालवून बघितल्या. घण मारायला मी मामांना बोलावलं. मामा म्हणजे गावातले रेल्वेचे निवृत्त गँगमन, वय साठ, मनगट माझ्या पोटरीएवढं. जमिनीवर एक लोखंडी पाट ठेवायचा आणि त्यावर घणाचा एकच घाव घालायचा, एवढंच काम. सर यंत्राच्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे डोळे लावून बसले. मामांनी घण उचलला. घाव घातला. लगेच दुसरा घातला.

"मामा, एकच."

"एकच घातला ना."

"दोन घातले."

"आं? तीस वरसं गँगमधी काम केलं, बाई. एक माझा, एक समोरच्याचा. समोरचा नाय, म्हून दोन्ही माझेच."

तोवर रेघ पडद्याबाहेर गेली होती. मामांच्या घावाने नव्हे, घाव पडण्याआधीच. सरांनी बटणं फिरवली, तारा काढून जोडल्या, यंत्राला थापटलं. रेघ शांत झाली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा उसळली. त्यांचा चेहरा उतरला. "ॲम्प्लिफायर गेला."

मी ऐकत होते. या गावात राहून घड्याळाची गरज पडत नाही, आगगाड्या ऐकू येतात. कर्जतला गाडीला मागून जोर द्यायला इंजिनं लागतात आणि घाट चढताना ती विजेचा घास घेतात. मी वहीत वेळा टिपल्या आणि संध्याकाळी सरांपुढे ठेवल्या. रेघ उसळली ती जवळजवळ प्रत्येक वेळ एकेका चढत्या गाडीची होती. दोनदा मात्र गाडी नव्हती. तेव्हा गावातली पिठाची गिरणी चालू झाली होती.

सरांनी वहीतल्या वेळांवरून बोट फिरवलं. "रुळांतून परत जाणारा प्रवाह जमिनीत झिरपतो. हे मला सुचायला हवं होतं."

"तुमचं यंत्र ठीक आहे. तुमचं वेळापत्रक ठीक नाही," मी म्हटलं आणि त्यांना दिवसभरातल्या शांत वेळांची यादी करून दिली. चौदा मिनिटं, नऊ मिनिटं, बावीस मिनिटं, अशी.

राहिली भांडी; सळ्यांवर भरवसा नव्हताच. दहिवलीला एक म्हातारा कुंभार होता. बोळकी, पणत्या, माठ, सगळं त्याच्याकडे. मी स्वतः गेले.

"आठ बोळकी हवीत. पण गळकी पाहिजेत."

त्याने चाक थांबवलं. "काय पायजेत?"

"पाणी पाझरणारी. गळकी."

"बाई, तुमी मास्तरीण म्हून ऐकून घेतो. माझ्या आव्यातून गळकं बोळकं आजवर निघालं नाय. माझ्या बापाच्या आव्यातून नाय. कुणी सांगितलं तुमाला, माझी बोळकी गळतात?"

"कुणी नाही. चांगली म्हणूनच तुमच्याकडे आले."

"चांगली पायजेत का गळकी पायजेत?"

"चांगली, गळकी."

त्याने हातची माती पुसली. मग आत बघून ओरडला, "ऐकलंस का गं? शाळंत आता असलं शिकवतात." आणि मला म्हणाला, "उद्या सकाळी न्या. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आठ सुंदर बोळकी दिली, तुकतुकीत लाल. मोरचुदाचं पाणी भरून आम्ही ती आवारात जोडीजोडीने पुरली. शांत चौदा मिनिटं आली. मामांनी घाव घातला. दोन घातले, पण पहिल्याला तरी काही दिसायला हवं होतं. रेघ जागच्या जागी थरथरत राहिली. घावाला तिने ओळखही दाखवली नाही.

"माती कोरडी आहे," सर म्हणाले. "पाणी ओता."

शाळेत पाणी होतं ते नदीवरून आलेलं. सातवीच्या मुलींनी आणलेल्या कळश्या एकेक करून बोळक्यांभोवती रिकाम्या झाल्या. रेघ हलेना. आणखी ओता. मुली पुन्हा नदीवर गेल्या. त्या दिवशी पाणी शोधण्यासाठी शाळेने आठवड्याचं पाणी जमिनीत ओतलं आणि सातवीच्या मुली गणिताबरोबर भूगोलालाही मुकल्या. मामा पाटावर बसून विडी ओढत म्हणाले, "सायेब, हितं पानी हाय. आमीच ओतलंय."

सर हसले नाहीत. त्यांनी तीन वर्षांचं काम त्या रेघेवर लावलं होतं आणि यंत्र अमावास्येच्या संध्याकाळी परत निघणार होतं. रात्री ते नीट जेवले नाहीत. मीही माझ्या यादीत 'जागा' या शब्दापुढे काही लिहू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या टेबलावरून हजेरीपट उचलला. संध्याकाळी जमिनीतून काढून आणलेलं भरलेलं बोळकं कुणीतरी गडबडीत त्यावर ठेवलं होतं. मी आधी चिडले, मग थांबले. हजेरीपट कोरडा होता. रात्रभर पाण्याने भरलेलं मातीचं भांडं, आणि खाली ओलीचा एक ठिपका नाही? माझ्या घरच्या नव्या माठाखाली दोन महिने फडकं ठेवावं लागतं. मी बोळकं पालथं करून नखाने खरवडलं. नखाखाली पिवळसर चिकट काहीतरी आलं. वास घेतला. राळ.

दहिवली. कुंभार ओट्यावर बसला होता, मला बघून खुश झाला. "कशी हायेत? एक थेंब गळला का?"

"एक थेंब नाही."

"गळनार कसं? तुमी गळकी गळकी करीत होता, म्हंटलं बाईंना कुनीतरी फसवलंय कधीतरी, बिचाऱ्या घाबरल्यात. रात्रीत आतून भायरून राळ लावली. पैसं नगं त्याचं, शाळेचं काम."

मी ओट्यावर बसले. त्याला सरांचं यंत्र, भोकांतलं पाणी, इवलीशी वीज, सगळं सांगितलं. सातवीच्या मुलींचं सांगितलं. उद्या शेवटचा दिवस, हेही सांगितलं. तो उठून आव्यामागे गेला आणि बराच वेळ तिथे खडखड करत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या पंच्यात नऊ-दहा फिकी बोळकी होती. कच्ची भाजलेली, कुठे काळी, कुठे पिवळी.

"ही टाकलेली हायेत. आव्यात लाकूड वलं लागलं व्हतं तवाची. गळतात." शेवटचा शब्द त्याने आजूबाजूला बघून उच्चारला. "पन बाई, एक वचन द्या. ही कुनाची म्हून कुनाला सांगायचं नाय."

मी वचन दिलं. ते पाळलं आहे.

त्यांतल्या आठ बोळक्यांत रात्रभर मोरचुदाचं पाणी भरून ठेवलं. सकाळी कचेरीच्या फरशीवर आठ निळसर वर्तुळं उमटली होती आणि सर त्या वर्तुळांकडे लहान मुलासारखे बघत होते. त्यात आणखी एक चांगली गोष्ट माझ्या वहीतच लिहिलेली होती. अमावास्या. अमावास्येला गिरणी बंद, सुतार-लोहार बंद, गावात कुणी नांगर धरत नाही, गाडी जुंपत नाही. महिन्यातला सर्वांत शांत दिवस आमच्या वाट्याला आला होता. फक्त आगगाड्या चुकवायच्या.

मामा वेळेवर आले. घण आणला नव्हता.

"आज भुईला लोखंड लावायचं नाय, बाई. अमावास्या."

"मामा, रेल्वेत अमावास्येला सुट्टी होती का?"

"रेल्वे सरकारची. भुई आपली."

"आज यंत्र जाणार आहे."

"मंग उद्या मारतो."

"उद्या बोअरची गाडी येणार."

"मंग तुमी मारा. तुमाला चालतं. तुमी मास्तरीण, तुमची अमावास्या रविवारी."

यादीप्रमाणे बावीस मिनिटं शांत होती. त्यातली चार अशी बोलण्यात गेली. मी पदर खोचला, मामांच्या घरून घण मागवला आणि उचलला. तो उचलला म्हणण्यापेक्षा त्याने मला ओढलं. पहिला घाव पाटाशेजारी पडला. दुसरा पाटाच्या कडेला लागला आणि पाट सरांच्या नडगीपर्यंत उडाला. तिसऱ्याला हातभर धूळ उडाली. मामा बांधावर बसून बघत होते आणि त्यांचा चेहरा दुखणं सहन करणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"मनगट नगं, बाई! कंबर!"

मी कंबर लावली. घण परत पाटाशेजारी.

"अगं बाई बाई बाई!" मामा उठून फेऱ्या मारू लागले. "असं मारत्यात व्हय? पाय कुठं, नजर कुठं!" पाचव्या घावाला ते बांधावरून खाली उतरले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी जमिनीकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, घणाकडे बघितलं.

"पाट कुनी ठिवला?"

"मी."

"म्हंजी भुईला लोखंड तुमी लावलंय. घन पाटाला लागतो. लोखंडाला लोखंड. भुईला कुठं लागतंय?"

"कुठेच नाही."

"आना हिकडं."

त्या दिवशी प्रत्येक जागी पाट मी ठेवला आणि घाव मामांनी घातला. आणि घाव एकच. तीस वर्षांची सवय अमावास्येने मोडली, कारण दुसऱ्या घावाला पाट सरकला तर भुईचा स्पर्श होईल, ही धास्ती होती. सर म्हणत होते, एवढे स्वच्छ घाव त्यांनी प्रयोगशाळेतही बघितले नव्हते.

रस्त्याकडचा तुकडा: रेघ सरळ. ओहोळाचा कोपरा, जिथे अकरापैकी तीन मतं होती: रेघ जराशी वाकली, पुन्हा सरळ. मग गाडी आली. आम्ही थांबलो. गाडी गेली. मग खो-खोच्या मैदानाची पाळी. मामांचा घाव पडला आणि त्याच्या मागोमाग, डोळ्याची पापणी लवावी तेवढ्यात, हिरव्या रेघेने एक छोटा उंबरठा ओलांडला आणि ती शांत झाली.

सर ओरडले, "गाडी आहे का?"

मी वही बघितली. "नाही. अजून नऊ मिनिटं नाही."

"गिरणी?"

"अमावास्या."

"पुन्हा."

पुन्हा घाव, पुन्हा उंबरठा, त्याच जागी. तिसऱ्यांदाही. सरांनी पडद्याचे फोटो काढले, चश्मा काढून पुसला, परत घातला. मी शेजारी पडलेली चुन्याची पिशवी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. ते घेईनात. "बाई, याचा अर्थ पाणीच आहे असं मी लिहून देऊ शकत नाही."

"लिहून नको. गोल काढा."

त्यांनी गोल काढला. खो-खोच्या दोन खांबांच्या बरोबर मधोमध.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. यंत्र मुंबईला परत गेलं होतं, सर मात्र गेले नव्हते. गाडीवाल्याने रस्त्यावरूनच विचारलं, "इथेच मारू का, बाई? गाडी इथे छान उभी राहते." मी फाटकाचे खिळे आदल्या संध्याकाळीच सैल करून ठेवले होते. फाटक काढलं, एक खो-खोचा खांब उपटला, आणि गाडी चुन्याच्या गोलावर जाऊन उभी राहिली.

सकाळी धुरळा निघाला. काळा, मग राखाडी. सातवीच्या मुली भिंतीवर ओळीने बसल्या होत्या आणि मी त्यांना आत जा म्हणण्याचं सोडून दिलं होतं. गावातले नऊ जागांचे अकरा मालक आले आणि आपापली जागा कशी बरोबर होती ते सांगू लागले. दुपार टळायला धुरळा ओला झाला, त्याचा चिखल झाला, आणि एकदम पाइपातून करड्या पाण्याचा लोट उसळला. गाडीवाल्याने हात वर केला. मामांनी टोपी काढून जमिनीला हात लावला.

सर मात्र गाडीवाल्याच्या मागे लागले होते. "आता एक तिकडे मारा ना. रस्त्याकडच्या तुकड्यात."

"तिकडे काय आहे?"

"काही नाही. रेघ सरळ होती. तिथे कोरडं निघायला पाहिजे. तरच हे सिद्ध होईल."

गाडीवाल्याने इंजिन बंद केलं, मला हाक मारली आणि विचारलं, "बाई, यांची तब्येत बरी आहे ना? बारा वर्षं भोकं मारतोय. पाण्यासाठी पाया पडलेली माणसं बघितली. कोरड्या भोकासाठी पाया पडणारा पहिलाच."

मंजुरी एकाच भोकाची होती. मी सरांना ते पत्र दाखवलं. ते निघताना म्हणाले, "एका भोकाने काही ठरत नाही, बाई. योगायोगही असेल." मी म्हटलं, असेल. मला योगायोगाचं पाणीही चालणार होतं.

आठवड्याने हातपंप बसला. पहिल्या दिवशी मी मधल्या सुटीत सातवीच्या सातही जणींना पंपापाशी बोलावलं, कळश्या आत ठेवायला सांगितल्या आणि पाणी कसं काढायचं ते दाखवलं. त्या बघत होत्या, पण तोंडावर मी गृहीत धरलेला आनंद दिसेना. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत धीट मुलीने विचारलं.

"बाई, आता नदीवर जायचं नाय?"

"नाही. कधीच नाही."

"रोजचं नाय?"

"रोजचं नाही."

सातही जणींनी एकमेकींकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की नदीवर जाताना वीस आणि येताना तीस ही मिनिटं माझ्या हिशोबातली होती. मधली किती मिनिटं त्या पाण्यात पाय सोडून बसत, ते माझ्या वहीत कधी आलंच नव्हतं. धीट मुलीने पंपाचा दांडा एकदा उगाचच खालीवर केला. शेजारची हळूच तिला म्हणाली, "तुला कुनी सांगितलं व्हतं गं, भिंतीवर बसून देवाला हात जोडायला?"

"मला काय म्हायीत, खरंच लागंल म्हून."

मी घंटा वाजवली. दुपारचा पहिला तास होता अपूर्णांकांचा.